तिसरी वायर

दिवाळीच्या तोंडावर मुंबईत लोहार चाळीत किंवा पुण्यात तपकीर गल्लीत माळा घ्यायला गेलं, की दोन प्रकारच्या माळा समोर येतात. एकीला दोन वायरी असतात, दुसरीला तीन. दोन वायरींची माळ आपल्या ओळखीची. प्लग लावला की ती लागते, आणि फार तर डबीवरचं बटण दाबून तिची उघडझाप बदलता येते. तीन वायरींची माळ प्लगला थेट लावायचीच नसते. तिला वेगळा सप्लाय लागतो, कंट्रोलर लागतो, आणि ते दोन्ही नीट जोडले तर तिच्यातला एकेक दाणा स्वतंत्र रंगात, स्वतंत्र वेळी लावता येतो. पाचवा दाणा निळा, सहावा केशरी, सातवा विझलेला. गणपतीच्या कमानींवर, लग्नाच्या स्टेजमागे, दुकानांच्या पाट्यांवर जे धावतं, फुलतं, ओघळतं, ते सारं याच माळांचं काम. बाजारात तिला सगळे नुसतं ‘पिक्सेल’ म्हणतात.

आता ही माळ घरात येऊ लागली आहे. सोसायटीतली दहावी-अकरावीची मुलं, निवृत्त झालेले हौशी काका, आकाशकंदील स्वतःच्या हाताने करण्याचा आग्रह धरणारी घरं असे सगळे तिच्याकडे वळले आहेत. यातले बरेच जण पहिल्याच संध्याकाळी अडकतात. माळ अर्धीच लागते, शेवटाकडे पिवळी पडते, पिसाळल्यासारखी लुकलुकते किंवा काळीठिक्कर राहते. मग तिसऱ्या वायरीवर, म्हणजे डेटाच्या वायरीवर संशय घेतला जातो. मोबाइलमधली सेटिंग्ज पुन्हा पुन्हा चाळली जातात, प्रोग्राम पुसून नव्याने भरला जातो, कंट्रोलर बदलून आणला जातो.

मंडळांची कामं करणारे लाइटवाले या वाटेने जात नाहीत. ते आधी मल्टिमीटर काढतात आणि पहिल्या दोन वायरी तपासतात. जोडणी नवी असताना येणारे बहुतेक बिघाड प्लस आणि निगेटिव्हमध्येच असतात. हे एकदा मनात पक्कं केलं, तर पिक्सेलचं काम कुणालाही जमण्यासारखं आहे, आणि ते जास्तीत जास्त घरांत जमावं असं मला मनापासून वाटतं.

पिक्सेल येण्याआधी दिवे धावायचे ते यंत्रावर. लाकडाचा एक ढोल, त्यावर कापून ठोकलेल्या तांब्याच्या पट्ट्या, त्यांना घासत राहणाऱ्या पत्र्याच्या जिभा आणि ढोल फिरवणारी लहानशी मोटर. ढोल फिरला की ज्या जिभेखाली तांबं येईल तिच्या ओळीतले बल्ब लागत, तांबं सरलं की विझत. या ढोलाला रोलर म्हणत. बंगालमधल्या चंदननगरच्या कारागिरांनी जगद्धात्री पूजेच्या रोषणाईत या रोलरवर मोर नाचवले, मासे पोहवले. पट्ट्या कुठे आणि किती लांब ठोकायच्या हाच त्यांचा प्रोग्राम होता. त्या पद्धतीची मर्यादा एकच होती: बल्बांच्या जितक्या ओळी स्वतंत्रपणे हलवायच्या तितक्या वायरी ओढाव्या लागत. मोठ्या देखाव्यामागे मनगटाएवढे जुडगे लोंबत असत.

पिक्सेलने हे सगळं ओझं एका वायरीवर आणलं. सर्वांत जास्त चालणारा पिक्सेल म्हणजे डब्ल्यूएस२८१२बी. ‘डब्ल्यूएस’ ही अक्षरं वर्ल्डसेमी या चिनी कंपनीची. पाच मिलिमीटर लांबी-रुंदीच्या एका पांढऱ्या चौकोनात लाल, हिरवी आणि निळी अशा तीन एलईडी असतात, आणि त्यांच्याच शेजारी, नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसेल असा काळा ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे नियंत्रण करणारी चिप.

कंट्रोलर प्रत्येक दिव्यासाठी २४ बिटांचा निरोप पाठवतो: ८ बिट हिरव्यासाठी, ८ लालसाठी, ८ निळ्यासाठी. सगळ्या दिव्यांचे निरोप एकामागून एक त्याच वायरीवर निघतात. पंगतीत लाडवांचं ताट पहिल्या पानापासून सोडावं, प्रत्येकाने वरचा एक लाडू उचलावा आणि ताट पुढे सरकवावं, तसं हे चालतं. पहिला दिवा पहिले २४ बिट स्वतःसाठी ठेवून घेतो आणि उरलेले पुढे धाडतो. दुसऱ्याला जे पहिलं दिसतं ते तो घेतो, आणि असंच शेवटपर्यंत. वायरीवर क्षणभर शांतता झाली, की आपापला निरोप मिळालेले सगळे दिवे एकदम रंग बदलतात.

एका बिटाला सव्वा मायक्रोसेकंद लागतो. त्या अवधीत वायरीवरचं व्होल्टेज सुमारे ०.४ मायक्रोसेकंद वर राहिलं तर तो शून्य, ०.८ राहिलं तर एक. म्हणजे एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद, आणि ३०० दिव्यांच्या पट्टीला ९ मिलिसेकंद. हजार दिवे एकाच वायरीवर घेतले तर ३० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ३३ चित्रं. डोळ्यांना ते सलग दिसतं. त्याच्या पुढे मात्र हालचाल अडखळायला लागते, म्हणून मोठ्या कामात एका कंट्रोलरमधून अनेक डेटा वायरी काढतात.

या देवघेवीतूनच बिघाड शोधण्याची अर्धी विद्या निघते. कोणत्याच दिव्याला स्वतःचा नंबर नसतो. रांगेत तो कितवा, हाच त्याचा नंबर. म्हणून पट्टी तांब्याच्या ठिपक्यांवर हवी तिथे कापता येते, जोडता येते. प्रत्येक दिवा निरोप नुसता सोडत नाही, नव्याने ठाशीव करून पुढे देतो, म्हणून दूरच्या दिव्यापर्यंतही तो स्पष्ट पोचतो. पण एखादा दिवा मेला तर त्याच्या पुढचे सगळे अंधारात जातात किंवा शेवटचा मिळालेला रंग धरून गोठतात. अशा वेळी काळ्या पडलेल्या पन्नास दिव्यांकडे बघायचंच नाही. दोष दोघांपैकी एकाचा असतो, शेवटच्या चालू दिव्याचा किंवा पहिल्या बंद दिव्याचा, नाहीतर त्या दोघांमधल्या सांध्याचा. पाच मीटरची पट्टी कारखान्यात सहसा अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे डाग देऊन जोडलेली असते, आणि हे सांधेच पट्टी वाकवताना सुटतात. अंधार बरोबर अशा सांध्यावर सुरू होत असेल तर नवीन दिवा आणायला पळू नये, आधी त्या सांध्याला पुन्हा डाग द्यावा.

डब्ल्यूएस२८१३ आणि १२ व्होल्टच्या डब्ल्यूएस२८१५ या पुढच्या पिढीत डेटाची एक जादा वायर असते. एक दिवा गेला तरी त्याच्या पुढचा दिवा या वायरीवरून निरोप उचलतो. उंच भिंतीवर, जिथे पुन्हा शिडी लावणं जिवावर येतं, तिथे ही जास्तीची किंमत मोजावी.

पहिल्या दोन वायरी

डब्ल्यूएस२८१२बीमधल्या तीन एलईडींपैकी प्रत्येक एलईडी पूर्ण तेजाने सुमारे २० मिलिअँपिअर घेते. तिन्ही लागल्या, म्हणजे पांढरा रंग दिला, की एका दिव्याचे ६० मिलिअँपिअर होतात. काही नव्या बॅचेस याहून कमी घेतात, पण हिशेब ६० धरूनच करावा. मीटरला ६० दिव्यांची पाच मीटर पट्टी म्हणजे ३०० दिवे. पूर्ण पांढऱ्यावर तिला १८ अँपिअर हवेत, ५ व्होल्टवर म्हणजे ९० वॉट.

नवखा माणूस इथेच फसतो. ९० वॉट ऐकून घाबरण्यासारखं काही वाटत नाही. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या प्लगमधून तेवढ्यासाठी अर्धा अँपिअरही पुरतो, आणि तो बारीक वायरीतून सहज येतो. पण एसएमपीएसच्या, म्हणजे पट्टीला ५ व्होल्ट देणाऱ्या सप्लायच्या पलीकडे व्होल्टेज पाचावर आलेलं असतं आणि करंट अठरावर चढलेला असतो. वायर तापते ती करंटने, व्होल्टेज गळतं तेही करंटने.

एक साधं गणित बघा. खिडकीभोवतीच्या पट्टीला ५ अँपिअर हवेत आणि सप्लाय ३ मीटर दूर आहे. जायचे ३ आणि यायचे ३, अशी सहा मीटर तांब्याची वाट झाली. वायर अर्ध्या स्क्वेअर एमएमची असेल तर या वाटेचा रोध सुमारे ०.२३ ओहम, आणि त्यात गळालेलं व्होल्टेज १.१७. निघालेल्या ५ व्होल्टपैकी पट्टीच्या दारात ३.८ पोचले. तीच वायर दीड स्क्वेअर एमएमची घेतली तर गळती सुमारे ०.४ वर येते आणि पट्टी खुशीत चालते. दुकानात वायर घेताना हा फरक थोड्या पैशांचा असतो. तेवढे पैसे वाचवण्याची भूल सगळ्यांनाच पडते, आणि मग पुढचे चार दिवस मोबाइलमध्ये जातात.

व्होल्टेज कमी पडल्याची खूण रंगात दिसते. लाल एलईडीला पेटायला सुमारे २ व्होल्ट पुरतात, हिरवीला आणि निळीला ३ च्या आसपास लागतात, त्यातही निळीला सर्वांत जास्त. म्हणून गळती वाढत गेली की पांढऱ्यातून आधी निळा वजा होतो आणि पट्टीचं शेपूट पिवळं दिसायला लागतं. मग हिरवा ओसरतो आणि ते केशरी, लालसर होतं. एलईडीच्या इतिहासातही निळ्याने सर्वांना थांबवून ठेवलं होतं. डोळ्यांना दिसणारी लाल एलईडी निक होलोन्याक यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९६२ साली केली. झगझगीत निळी मिळायला १९९० चं दशक उजाडलं, आणि त्या कामासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. निळा नसता तर पांढरा नसता आणि पिक्सेलही नसता. शेवटी आलेला हा रंग व्होल्टेज घसरलं की सर्वांत आधी निघून जातो. तेव्हा शेपूट पिवळं दिसलं की रंगांच्या सेटिंगला हात लावू नका. सगळे दिवे पांढरे करा आणि मल्टिमीटरने पट्टीच्या सुरुवातीचं आणि शेवटचं व्होल्टेज मोजा. सुरुवातीला ४.९ आणि शेवटी ३.७ असेल तर निदान झालं.

उपाय असा, की पट्टीला वीज एकाच टोकाने पाजायची नाही. पट्टीच्या आतली तांब्याची पट्टी फार पातळ असते, ती अठरा अँपिअर वाहून नेऊ शकत नाही. एसएमपीएसपासून जाड वायरीची दुसरी जोडी थेट दुसऱ्या टोकाला न्यायची, लांब पट्टीला मध्येही एक जोडी द्यायची. डेटा मात्र एकाच टोकाने जातो. दोन वेगळे एसएमपीएस लावले असतील तर त्यांचे निगेटिव्ह एकमेकांना जोडायचे, आणि जिथे एकाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथे पट्टीतला प्लस तोडायचा.

मंडपात १२ व्होल्टचे पिक्सेल का दिसतात, तेही याच गणितात आहे. तेवढीच वीज १२ व्होल्टवर नेली तर करंट निम्म्याहून कमी होतो आणि गळालेला अर्धा व्होल्ट बारातून जातो, पाचातून नाही. कमानींवरचे गोळीसारखे दाणे बहुधा १२ व्होल्टचे, डब्ल्यूएस२८११ चिपचे आणि पन्नासाच्या माळेत येणारे असतात. त्यांच्यात जास्तीचे व्होल्ट उष्णतेत जातात, वीज जास्त खर्च होते, पण अंतर मोठं असलं की हा सौदा परवडतो. १२ व्होल्टच्या पट्टीत मात्र बहुधा तीन-तीन दिव्यांचा मिळून एक पिक्सेल असतो. डब्ल्यूएस२८१५ त्याला अपवाद. घ्यायच्या आधी हे विचारून घ्यावं, नाहीतर घरी आल्यावर ३०० दिव्यांची पट्टी १०० पिक्सेलची निघते.

आता निगेटिव्हबद्दल. डेटाच्या वायरीवरचं व्होल्टेज ‘वर’ आहे की ‘खाली’, हे दिवा स्वतःच्या निगेटिव्हच्या तुलनेत ठरवतो. कंट्रोलर मोबाइलच्या चार्जरवर आणि पट्टी एसएमपीएसवर असेल, आणि दोघांचे निगेटिव्ह एकमेकांना जोडलेले नसतील, तर दिव्याला तुलनेला आधारच उरत नाही. मग पट्टी बेभान लुकलुकते, वायरीजवळ हात नेला की रंग बदलते, मध्येच शहाणी होते आणि पुन्हा बिथरते. हे पाहून भले भले प्रोग्राम बदलायला बसतात. वीतभर वायर घेऊन कंट्रोलरचं ग्राउंड पट्टीच्या निगेटिव्हला जोडलं, की बहुतेक वेळा काम संपतं.

घरचा कंदील

सुरुवात लहान कामापासून करावी. मला त्यासाठी आकाशकंदील सर्वांत योग्य वाटतो. तो मुळात घरी करायचीच वस्तू आहे, पिढ्यान्‌पिढ्या कामट्या, खळ आणि पतंगाचा कागद यांच्यावर तो उभा राहिला. पिक्सेल त्यात फक्त ज्योत घालतो.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर मिळतं, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास. डब्ल्यूएस२८१२बीची मीटरला ६० दिव्यांची एक मीटर पट्टी, ईएसपी८२६६ चिपचा डी१ मिनी किंवा नोडएमसीयू बोर्ड, ५ व्होल्ट ४ अँपिअरचा चांगला अडॅप्टर, ३३० ओहमचा एक रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, जाड वायर. साठ दिव्यांना पूर्ण पांढऱ्यावर ३.६ अँपिअर लागतील, म्हणून चारचा अडॅप्टर. प्रत्यक्षात कागदातून झिरपणाऱ्या प्रकाशाला एक अँपिअरही खूप होतो.

पट्टीचे दहा-दहा दिव्यांचे सहा तुकडे कापून पीव्हीसी पाइपच्या नळीवर उभे चिकटवायचे: एक खालून वर, दुसरा वरून खाली, असे आलटून पालटून, म्हणजे जोडवायरी आखूड राहतात. प्रत्येक तुकड्यावर बाण छापलेला असतो. डेटा बाणाच्या दिशेनेच वाहतो, उलट्या टोकाला जोडला तर एकही दिवा लागणार नाही. वायरींच्या रंगावर भरवसा ठेवू नये. एका कारखान्याची लाल वायर प्लस असते आणि दुसऱ्याची हिरवी वायर निगेटिव्ह की डेटा, हे सांगता येत नाही. पट्टीवर छापलेलं वाचावं. रेझिस्टर डेटाच्या वायरीत, पहिल्या दिव्याच्या अगदी जवळ. कपॅसिटर प्लस आणि निगेटिव्हच्या मध्ये, त्याची निगेटिव्ह बाजू ओळखून. वायरी जोडताना सप्लाय बंद ठेवावा. चालू ठेवूनच जोडायची वेळ आली तर निगेटिव्ह सर्वांत आधी आणि डेटा सर्वांत शेवटी. हा क्रम चुकला की बळी जातो तो पहिला दिवा.

पट्टीची वीज बोर्डातून घ्यायची नाही. अडॅप्टरपासून दोन वाटा काढायच्या, एक पट्टीला, दुसरी बोर्डाला. बोर्डावरचे बारीक तांब्याचे रस्ते साठ दिव्यांचा भार सोसत नाहीत. आणि अडॅप्टर घरात ठेवायचा. कंदिलापर्यंत ५ व्होल्टच जाऊ द्यायचे, २३० व्होल्ट गॅलरीच्या कठड्याबाहेर नेऊच नयेत. कागदाच्या वस्तूत तर नाहीच नाही.

बोर्डात भरायला डब्ल्यूएलईडी हे फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर आहे. ख्रिश्चन श्विने यांनी ते सुरू केलं आणि जगभरच्या लोकांनी वाढवलं. संगणकाच्या ब्राउझरमधूनच ते बोर्डात भरता येतं. बोर्ड संगणकाला दिसतच नाही, ही पहिली अडचण असते, आणि तिचं कारण बहुधा यूएसबी केबल. मोबाइलबरोबर आलेल्या काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. केबल बदलून बघावी. सॉफ्टवेअर भरलं की बोर्ड स्वतःचं वायफाय सोडतो. मोबाइल त्याला जोडून ब्राउझरमध्ये ४.३.२.१ लिहिलं की सेटिंग्जचं पान उघडतं. घरच्या वायफायला जोडताना २.४ गिगाहर्ट्‌झचंच नाव निवडायचं. ईएसपी८२६६ला ५ गिगाहर्ट्‌झ दिसत नाही.

तिथे तीन गोष्टी बघायच्या. दिव्यांची संख्या: मुळात ती तीस असते, म्हणून साठांपैकी तीसच लागले तर पट्टी निर्दोष आहे. रंगांचा क्रम: लाल मागितला आणि हिरवा आला तर क्रम बदलायचा, डब्ल्यूएस२८१२बीचा क्रम हिरवा-लाल-निळा, डब्ल्यूएस२८११च्या दाण्यांचा बहुधा लाल-हिरवा-निळा. तिसरी, करंटची मर्यादा. सॉफ्टवेअर ती सुरुवातीला ८५० मिलिअँपिअर धरतं आणि हिशेब त्याच्या वर गेला की सगळे दिवे आपोआप मंद करतं. तेज वाढवूनही वाढत नसेल तर हे कारण. अडॅप्टर ४ अँपिअरचा असेल तर ही मर्यादा ३००० वर न्यावी आणि तिथेच थांबावं. उलट, तेज वाढवलं की बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर अडॅप्टर दमतो आहे, म्हणजे मर्यादा खाली आणायची.

डेटाच्या वायरीचा खरा दोष असा एकच आहे, आणि तो भल्याभल्यांना चकवतो. ५ व्होल्टवर चालणाऱ्या डब्ल्यूएस२८१२बीला ‘वर’ समजायला डेटावर निदान ३.५ व्होल्ट हवेत, सप्लायच्या सात दशांश. ईएसपीचा बोर्ड देतो ३.३. कागदावर हे चालायला नको, प्रत्यक्षात बहुधा चालतं, आणि म्हणूनच घात होतो. टेबलावर वीतभर वायरीने सुरळीत चाललेली पट्टी गॅलरीत दोन मीटर वायरीने बिनसते. पक्का उपाय म्हणजे ७४एएचसीटी१२५ ही चिप मध्ये घालणं. ती ३.३ घेऊन पूर्ण ५ व्होल्ट पुढे देते. हाताशी ती नसेल तर पट्टीतला एक दिवा कापून बोर्डाशेजारी ठेवायचा आणि त्याच्या प्लसमध्ये १एन४००७ डायोड घालायचा. डायोड ०.७ व्होल्ट खातो, त्या दिव्याची गरज ३ व्होल्टवर येते, बोर्डाचे ३.३ त्याला स्पष्ट दिसतात, आणि तो ४.३ व्होल्टने निरोप पुढे देतो. त्याहून सोपी सवय म्हणजे कंट्रोलर दिव्यांजवळ ठेवणं. लांबवायचीच तर विजेची वायर लांबवावी, डेटाची नाही.

सहा तुकडे लागले, रंग बरोबर आले, की मोबाइलमध्ये इंद्रधनुष्य, धूमकेतू, लाटा असे कितीतरी प्रकार समोर येतात आणि पहिले दोन दिवस सगळे लावून पाहिले जातात. ते झालं की ‘फायर २०१२’ लावून बघा. तेज तिसऱ्या हिश्श्यावर आणा.

हा प्रकार मार्क क्रिग्समन यांनी २०१२ मध्ये लिहिला. त्यात प्रत्येक दिव्याला एक उष्णता दिलेली असते. प्रत्येक चित्रात ती थोडी निवते, थोडी वरच्या दिव्याकडे सरकते, आणि तळाशी मधूनच एखादी ठिणगी पडते. उष्णता कमी तिथे लाल, मध्यम तिथे पिवळा, जास्त तिथे पांढरा. इतक्याच नियमांतून ज्योत उभी राहते आणि तीच ज्योत पुन्हा कधी दिसत नाही. हा प्रकार ज्या फास्टएलईडी नावाच्या संचात जगभर पोचला, तो डॅनिअल गार्सिया आणि क्रिग्समन यांनी मिळून वाढवला आणि सगळ्यांना मोकळा ठेवला. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ या बोटीला रात्री आग लागली आणि ३४ जण दगावले. गार्सिया त्यांत होते. त्यांनी फुकट देऊन ठेवलेल्या कामावर आजही असंख्य ठिकाणचे दिवे चालतात.

कंदिलात ज्योत एका तुकड्यात वर आणि शेजारच्या तुकड्यात खाली जाताना दिसली तर घाबरू नये. तुकडे आलटून पालटून उलटे लावल्याचा तो परिणाम आहे. द्विमितीय मांडणी निवडून तिथे नागमोडी क्रमाची खूण केली की सगळ्या ज्योती वर वळतात. दिव्यांचे सुटे ठिपके कागदावर उमटत असतील तर कागद पाइपपासून आणखी दूर न्यावा किंवा आतून बटर पेपरचा एक थर द्यावा. माझ्या मते चांगल्या कंदिलात एकही दिवा दिसू नये, फक्त उजेड दिसावा.

मंडपात

मंडळांचं काम वेगळ्या अवजारांनी चालतं. तिथे टी-१००० एससारखा कंट्रोलर असतो. चित्रांचा क्रम संगणकावर एलईडीएडिट या सॉफ्टवेअरमध्ये तयार करून एसडी कार्डावर भरतात, कार्ड कंट्रोलरमध्ये घालतात. बोर्डावर भोकं पाडून दाणे खुपसलेले असतात आणि माळ नागमोडी फिरवलेली असते. खुपसणाऱ्याने एका ओळीत वळण चुकवलं की तिथून पुढे चित्र विस्कटतं. म्हणून जाणते लाइटवाले आधी एकच दिवा पहिल्यापासून शेवटपर्यंत धाववून बघतात. तो उडी मारतो तिथे चूक.

गणेशोत्सव पावसात येतो, आणि पाऊस पिक्सेलचा खरा वैरी आहे. दाणे सिलिकॉनने बंद असतात, पाणी शिरतं ते जोडणीच्या कनेक्टरमध्ये. ओलाव्यात व्होल्टेज असलं की तांबं झिजतं, त्यावर हिरवट थर चढतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी माळ मधूनच विझायला लागते. कनेक्टरच्या दोन्ही बाजूंची वायर त्याच्याहून खाली लोंबेल असं वळण द्यावं, म्हणजे थेंब खाली गळून जातात. सिलिकॉन भरायचं तर शिरक्यासारखा वास येणारं भरू नये, त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं. विनावासाचं, न्यूट्रल मिळतं ते घ्यावं.

एसएमपीएस पत्र्याच्या जाळीचा असतो, त्याच्या स्क्रूंवर उघडे २३० व्होल्ट असतात. त्याला अर्थिंग हवंच हवं, वर झाकण हवं, आणि मंडपाच्या मुख्य लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. तो माणसाला शॉक बसताच लाइन तोडतो. मंडपात लोखंडी खांब, ओली जमीन आणि अनवाणी मुलं एकाच जागी असतात. रोषणाईच्या खर्चात आरसीसीबीची किंमत कुठल्या कुठे बुडून जाते, तरी तो लावण्याची टाळाटाळ होते. वर्गणी देणाऱ्यांनी ही एक गोष्ट मांडवात जाऊन विचारायला हवी. काही एसएमपीएसच्या कुशीत ११० आणि २२० चं एक लहान लाल बटण असतं. जोडण्याआधी ते २२० वर आहे ना, हे बघायचं. ११० वर राहिलं तर पहिल्याच क्षणी आवाज होऊन सगळं संपतं.

घरचा कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत, कुठे त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत टांगलेला असतो. उतरवल्यावर पट्टी पाइपवरून ओढून काढू नये, पाइपसकटच ठेवावी. कारण ओढून काढताना सांधे सुटतात. डबा कोरडा हवा. आणि डब्यात ठेवण्याआधी वायरीला चिकटपट्टी लावून तिच्यावर ठळक अक्षरांत ‘५ व्होल्ट’ आणि दिव्यांची संख्या लिहावी, अडॅप्टरवरही तसंच. ५ आणि १२ व्होल्टच्या अडॅप्टरांची गोल पिन बहुधा एकाच मापाची असते, ती चुकीच्या जागीही सहज बसते, आणि वायफायच्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर जवळजवळ प्रत्येक घरात असतोच.